टोकनची पावती मिळते, पण पेवात हळद कुठाय?

हरिपूर रोड
परवा तासगावचा भाचा आला होता. बेदाण्याची पट्टी झालीय, हातात 4 लाख आहेत. ते सगळे एका नव्या क्रिप्टो प्रकल्पाच्या 'प्रीसेल'मध्ये, म्हणजे बाजारात यायच्या आधीच्या विक्रीत, घालायचे म्हणतो. प्रकल्पाचं नाव लिहीत नाही, उगाच फुकटची जाहिरात. त्यानं मोबाइलवर त्यांचा व्हाइट पेपर, म्हणजे योजनेचा कागद, दाखवला. मी हळदीच्या अडतीत हिशेब लिहिण्यात जन्म घालवलेला माणूस. ब्लॉकचेन काही कळली नाही, पण वाटपाचा तक्ता चांगला कळला.

टोकन म्हणजे त्यांचं डिजिटल नाणं, एकूण 100 कोटी. त्यातले आपल्यासारख्यांना विकायचे 4 कोटी, 2 रुपयांना एक. आधी आलेल्या बड्या लोकांना 18 कोटी, 40 पैशांना एक. टीमला 20 कोटी, फुकट. उरलेले 'इकोसिस्टिम' नावाच्या कणगीत. बड्यांचा माल सहा महिने कुलपात, मग एकदम मोकळा. म्हणजे सातव्या महिन्यात 4 कोटींच्या बाजारात 18 कोटी उतरणार. त्यांनी 1 रुपयानं फुंकले तरी अडीचपट सुटतात, भाच्याचे मात्र निम्मे गेले. आणि या हिशेबानं अख्ख्या प्रकल्पाची किंमत लावलीय 200 कोटी. गोळा किती होणार? लोकांचे 8 कोटी, बड्यांचे 7 कोटी 20 लाख. संपलं.

पावतीवर धंदा करणं सांगलीला नवं नाही. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद जागेवर पडून असायची आणि वर पावती चार हात फिरायची. पण शेवटी ज्याच्या हातात पावती, तो पेव उघडून माल मागू शकत होता. टोकनवाल्यानं कुठलं पेव उघडायचं? हा शेअर नव्हे, कर्जरोखा नव्हे, माल तर नव्हेच. माझं मत स्पष्ट आहे, असला पैसा उभा करणं म्हणजे शहाण्या भाषेत मागितलेली वर्गणी.

भडंग आणि कोड
काका, मी सांगलीचाच, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तक्ता तुम्ही माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांपेक्षा चांगला वाचलात. पण एका तक्त्यावरून सगळ्यांना वर्गणीदार करू नका.

2014 मध्ये इथेरियम या ब्लॉकचेन प्रकल्पाकडे काय होतं? एक कागद आणि काही पोरं. कुठली बँक कर्ज देणार होती? त्यांनी 42 दिवस विक्री उघडी ठेवली. सुरुवातीला 1 बिटकॉइनला 2000 इथर, म्हणजे त्यांचे टोकन. 31 हजारांवर बिटकॉइन जमले, तेव्हाचे साधारण 1.8 कोटी डॉलर. वर्षभरात नेटवर्क सुरू झालं, आजही चालू आहे. विकतानाच सांगितलं होतं की हा शेअर नाही, आमच्या यंत्रात घालायचं इंधन आहे. कुणालाही घेता येत होतं. आपल्याकडे चांगल्या स्टार्टअपच्या पहिल्या फेरीत शेतकऱ्याच्या पोराला कोण उभं करतं? तो माल त्याच्यापर्यंत येतो तेव्हा आयपीओ असतो आणि मलई खाऊन झालेली असते.

हरिपूर रोड
आणि भाच्याच्या टोकनमध्ये मलई कुणी खाल्ली? 40 पैसेवाल्यांनीच ना? मग फरक काय पडला?

द्राक्षबाग
भडंगदादा, इंधन म्हटलं की सुटका होत नाही. अमेरिकेत हा वाद संत्र्याच्या बागेवरून मिटलाय, 1946 सालीच. फ्लोरिडात हाउई नावाच्या कंपनीनं बागेचे पट्टे विकले. घेणारे बहुतेक तिच्याच हॉटेलात उतरलेले पाहुणे. पट्टा तुमच्या नावावर, मशागत, तोडणी, विक्री आम्ही करतो, तुम्ही घरी बसून नफा घ्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही जमीनविक्री नाही, गुंतवणूक योजना आहे, नोंदणी करा. पैसा तुमचा, धंदा सामायिक, नफ्याची आशा दुसऱ्याच्या कष्टावर. अमेरिकेचं सेबी, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणारं एसईसी, आजही टोकनला हीच फुटपट्टी लावतं.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणा. कडकनाथ आठवतोय का? इस्लामपूरचं प्रकरण, 2019. पिल्लं आम्ही देतो, अंडी-कोंबड्या आम्हीच विकत घेतो, तुम्ही फक्त पैसे भरा. तिथं निदान खुराड्यात कोंबडी तरी होती. आमच्या भावकीतल्या एकानं तीच कोंबडी शेवटी जत्रेत कापून वाढली. टोकनचा रस्सा पण होत नाही.

भडंग आणि कोड
😀 रस्सा मान्य. पण कडकनाथवाल्यांचा हिशेब कुणाला दिसत होता? ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांना उघडी वही. तिच्यावर कुठल्या पाकिटातून, म्हणजे खात्यातून, किती टोकन हलले, हे कवठेमहांकाळात बसून दिसतं. साखर कारखान्याच्या शेअरचं बोला. उसाच्या बिलातून कापून घेतलेला. दर दिवाळीला सवलतीची साखर, आणि विकायला गेलात तर गिऱ्हाईक नाही. टोकन रात्री 2 वाजता पण विकता येतो.

हरिपूर रोड
कारखान्याच्या सभेत मी मत देतो बाबा. खुर्च्या फेकायची पण सोय आहे.

टंच
आम्ही विट्याकडचे गलाईवाले. सोनं कितीही पिवळं दिसो, टंच, म्हणजे शुद्धता, काढल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही. 'सगळं दिसतं' म्हणणं ठीक, पण दिसलेलं कुणाला कळतं? ईओएस नावाच्या टोकनची विक्री जवळपास वर्षभर चालली, 2017 ते 2018. सुमारे 410 कोटी डॉलर गोळा केले. नोंदणी न करता विकलं म्हणून एसईसीनं 2019 मध्ये दंड केला 2.4 कोटी डॉलर. म्हणजे शंभराला 60 पैसे पण नाहीत! आमच्या भट्टीत यापेक्षा जास्त घट येते. सगळ्यांना सगळं दिसतच होतं की.

भडंग आणि कोड
टेलिग्राम ॲपवाल्यांचं पण सांगा मग. स्वतःचं टोकन आणायला 170 कोटी डॉलर घेतले होते. कोर्टानं अडवलं आणि 2020 मध्ये 120 कोटींच्या वर परत द्यावे लागले, वर 1.85 कोटींचा दंड. कायदा असला की पैसा परत येतो. माझं म्हणणं तेच आहे, नियम करा, बंदी घालू नका, शिव्या देऊ नका.

जमाखर्च
दादा, परत आले ते अमेरिकेत. विश्रामबागला पोलीस ठाण्यात गेलात तर पहिला प्रश्न येतो, कंपनी कुठं आहे? उत्तर असतं, कुठल्यातरी बेटावर. ठेवीदारांसाठी राज्यात 1999 चा एमपीआयडी कायदा आहे, पण जप्त काय करणार, टेलिग्राम ग्रुप?

मी रिटर्न भरायचं काम करते, म्हणून कोरडं सांगते. टोकनच्या फायद्यावर सरळ 30 टक्के कर, वर सेस. खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा नाही. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या फायद्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विकताना 1 टक्का टीडीएस, जुलै 2022 पासून. द्राक्षाचं उत्पन्न शेतीचं म्हणून बिनकराचं असतं, तेच पैसे टोकनमध्ये घातले की हे सगळं गळ्यात. आमच्याकडे एक पोरगा आला होता. एका टोकनात 90 हजार मिळवले, दुसऱ्यात सव्वा लाख घालवले. हातात वजा 35, कर 90 वर. चहा न पिताच गेला.

आयपीओत निदान पैसे तुमच्याच खात्यात अडकून राहतात, शेअर नाही मिळाला तर सुटतात. प्रीसेलला पैसे पाठवले की गेले.

द्राक्षबाग
बघा, 35 चा खड्डा आणि वर कर. अवकाळी बरी.

भडंग आणि कोड
ताई, कराचं पटलं, तो कायदाच आडमुठा आहे. काका, मला त्या प्रकल्पाच्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे टोकनच्या कोडचा, पत्ता पाठवा, बघतो.

हरिपूर रोड
पाठवलाय. भाच्याकडून घेतला. कशाला पाहिजे म्हणून चारदा विचारलं त्यानं.

भडंग आणि कोड
बघितलं. कागदावर 100 कोटी लिहिलेत, पण कोडमध्ये मिंटचा दरवाजा उघडाच ठेवलाय. मालकाला वाटेल तेव्हा नवे टोकन छापता येतात, आणि मालकाची चावी एकाच पाकिटाकडे आहे. कुलूप पण कोडमध्ये नाही, फक्त कागदात. 40 पैसेवाले उद्या सकाळी सुद्धा विकू शकतात. भाच्याला सांगा, यात 4 रुपये पण घालायचे नाहीत.

पण माझं मत बदललेलं नाही हां. हे मला दहा मिनिटांत दिसलं, कारण सगळं उघड्यावर होतं. पेवात खाली हळद कसली निघणार, हे पेव उघडेपर्यंत तुम्हाला तरी कुठं कळत होतं?

हरिपूर रोड
खरंय. पण खराब निघाली तर अडत्याची गचांडी धरायला तो गणपती पेठेत सापडायचा.

भाचा रविवारी जेवायला येतोय. मिंट म्हणजे काय ते मला सांगता येणार नाही. तू सांगलीला कधी येणार आहेस?