आधी प्रश्न लहान करून बघा

गणित सोडवताना अडलं की काय करावं, असं तुम्ही विचारलंय. अडलं की उठून फेरी मारून या, हा तुम्हाला आधी मिळालेला सल्ला मलाही पटतो. पण परत येऊन बसल्यावर काय?

माझी भाची एका कोड्याला दोन संध्याकाळ चिकटून होती. बुद्धिबळाच्या पटाचे कर्णावरचे दोन कोपरे कापले. उरलेली ६२ घरं प्रत्येकी दोन घरांच्या ३१ पट्ट्यांनी झाकता येतील का? खोडून खोडून कागद फाटला, डोळ्यांत पाणी आलं. उत्तर न सांगता मी एवढंच म्हटलं, "पट लहान कर ना."

तिने २×२ चा काढला. कोपरे गेले, उरली दोनच घरं, एकमेकांना फक्त टोकाने टेकलेली. पट्टी बसेचना! ४×४ मध्येही तेच. मग तिचं लक्ष रंगांकडे गेलं. कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे, म्हणजे मूळच्या मोठ्या पटावर एका रंगाची ३० घरं उरली आणि दुसऱ्याची ३२. पट्टी मात्र दर वेळी एक काळं आणि एक पांढरं घर झाकणार.

"मावशी, हे जमणारच नाही!" दोन दिवस ती 'कशा बसवू' यातच अडकली होती, 'बसतील का' हे तिने विचारलंच नव्हतं.

तुमचं गणित नेमकं कुठल्या पायरीवर अडलंय, सांगाल का?