सिनॅप्स–व्हॉट्सॲप ब्रिज: बॉट निमंत्रण घेतच नाही

संत्राबाग:
वरुड तालुक्यातल्या शेतकरी गटाच्या ऑफिसात सिनॅप्स (मॅट्रिक्स चॅटचा सर्व्हर) डॉकरवर चालू आहे, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये, वेगळ्या डब्यात. गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यात आणायला मॉट्रिक्स-व्हॉट्सॲप हा दोन्हींना जोडणारा ब्रिज टाकला. ब्रिजची सिनॅप्सला ओळख देणारी रजिस्ट्रेशन फाइल काढली, सिनॅप्सच्या सेटिंगच्या फाइलीत (होमसर्व्हर डॉट यॅमल) तिचा पत्ता दिला, सिनॅप्स रीस्टार्ट केलं. ब्रिजच्या बॉटला, व्हॉट्सॲपबॉटला, बोलावलं, तर निमंत्रण तसंच लटकून. सिनॅप्सच्या लॉगमध्ये २९३१८ पोर्टवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. नेट सीजीनॅटमागे आहे (एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला), त्यामुळे तर नाही?

काळीमाती:
सीजीनॅटचा काही संबंध नाही भाऊ. व्हॉट्सॲपकडे ब्रिज स्वतःच बाहेर जातो, बाहेरून आत कोणी येत नाही. ब्रिजच्या कॉन्फिगमध्ये ॲपसर्व्हिसच्या ॲड्रेसमध्ये (सिनॅप्स ब्रिजला जिथे गाठतं तो पत्ता) 'लोकलहोस्ट' राहिलंय का बघा. डॉकरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. सिनॅप्स २९३१८ चं दार आपल्याच घरात शोधत बसतं. तिथे कंपोझ फाइलमधलं (डॉकरच्या कंटेनरांची यादी) ब्रिजचं नाव टाका. होमसर्व्हर ॲड्रेसमध्ये सिनॅप्सचं नाव आणि ८००८. होस्टनेम, म्हणजे ब्रिज ज्या पत्त्यावर ऐकतो तो, १२७.०.०.१ (फक्त स्वतःपुरता) असेल तर ०.०.०.० (सगळीकडून) करा. दोन्ही कंटेनर एकाच डॉकर नेटवर्कवर हवेत.

गाडी अडते ती पुढे. नुसता कॉन्फिग बदलून भागत नाही, सिनॅप्स पत्ता वाचतं रजिस्ट्रेशन फाइलमधून. तिच्यातली यूआरएल हातानं बदला आणि सिनॅप्स रीस्टार्ट करा. फाइल नव्यानं काढली तर टोकनही (दोघांमधले परवलीचे शब्द) नवे पडतात. सिनॅप्सकडे जुनी प्रत राहिली की 'एएस टोकन' नाकारल्याची बोंब सुरू.

धुऱ्यावरचा:
ब्रिजच्या कॉन्फिगमध्ये परमिशन्समध्ये (कोणाला काय करता येईल) नमुन्यातलं एक्झाम्पल डॉट कॉम तसंच ठेवलं असेल तर ब्रिज सुरूच होत नाही. आपलं डोमेन लिहून 'यूजर' द्या. डॉकरमधलं सिनॅप्स ९९१ यूजर आयडीनं चालतं, रजिस्ट्रेशन फाइल त्याला वाचता आली पाहिजे.

पोस्टग्रेसमध्ये (डेटा साठवणारा प्रोग्राम) ब्रिजला वेगळा डेटाबेस द्या, सिनॅप्सच्यात घुसवू नका. लाईन येते तेव्हा डेटाबेस उठायच्या आधीच ब्रिज सुरू होऊन पडतो, म्हणून कंपोझ फाइलमध्ये रीस्टार्ट 'अनलेस-स्टॉप्ड' ठेवा, म्हणजे पडला की आपोआप परत उठेल.

संत्राबाग:
होस्टनेम आणि यूआरएल दोन्ही चुकलेले होते. बॉट आला, 'लॉगिन क्यूआर'ही झालं. आता बाकीच्या सभासदांनाही क्यूआर लावावा लागेल का?

काळीमाती:
नाही. कॉन्फिगमध्ये रिले (एकाच्या खात्यातून सगळ्यांचे मेसेज पाठवणं) चालू करून गटाच्या मॅट्रिक्स खोलीत 'सेट-रिले' द्या. मात्र सगळ्यांचे मेसेज तुमच्याच नंबरवरून जातील, आधी लिहिणाऱ्याचं नाव लागून. गटाचं वेगळं सिम असलेलं बरं. तो फोन कपाटात टाकून विसरू नका. १४ दिवस वापरला नाही की जोडलेली उपकरणं लॉगआउट होतात, अन् परत क्यूआर.