ट्रायकोडेस्मियमचा बहर केवळ वाऱ्याने संपत नाही

वारा सुटून पाणी घुसळले की ट्रायकोडेस्मियम या समुद्रात तरंगणाऱ्या तंतुमय नील-हरित जीवाणूचा तवंग विरतो आणि बहर, म्हणजे त्याची झपाट्याने झालेली वाढ, संपतो, असे एक मत आहे. ते मला पूर्णपणे पटत नाही. वाऱ्याने तवंग पांगतो हे खरे, परंतु पांगणे म्हणजे मरणे नव्हे, आणि समुद्र शांत असतानाही हे बहर अचानक कोसळतात. इलाना बर्मन-फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की लोह किंवा फॉस्फरस तुटपुंजे झाले, अथवा ऊन फारच प्रखर झाले, की या पेशी आतूनच स्वतःला मोडीत काढू लागतात. एका अर्थी ती आत्महत्याच, मात्र शब्द जपून घ्यावा. विषाणूंचाही यात वाटा असू शकतो.

तवंगाचे पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवल्यास हा शेवट डोळ्यांनी पाहता येतो: भुशासारखे दिसणारे तंतू फिकट होत जातात आणि त्यांतून पाझरलेल्या फायकोएरिथ्रिन या लाल रंगद्रव्यामुळे पाण्याला गुलाबी झाक येते. पेशींना तरंगत ठेवणाऱ्या वायूच्या सूक्ष्म पिशव्या नष्ट झाल्या की, चिकट शर्करायुक्त द्रव्यात गुंतलेले हे अवशेष खाली बुडू लागतात.

या पेशींनी हवेतून बांधून घेतलेला नायट्रोजन त्या मेल्यावर पाण्यात उरतो, आणि त्यावर दुसऱ्यांचे फावते. गोव्याच्या किनाऱ्याजवळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९७०च्या दशकातच, असा बहर कुजल्यानंतर त्याच पाण्यात इतर वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे, वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव) क्रमाने वाढत गेल्याचे नोंदवले होते.