पेटंटची फेरतपासणी आणि रखडलेलं लायसन्स: शेअर वाढवावेत का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

अमेरिकन पेटंटांतलं कुणाला कळत असेल तर जरा मदत करा. मी न्यू जर्सीत असतो. मेहुण्याच्या नादाने कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवलेत. नाव लिहीत नाही, उगाच टिप देतोय असं वाटायला नको. कंपनी स्वतः काही बनवत नाही. मेमरी चिपची थोडी पेटंटं आहेत, ती लायसन्सवर द्यायची, एवढाच धंदा.

दर तिमाहीच्या कॉलमध्ये ‘बोलणी पुढच्या टप्प्यात आहेत’ एवढंच ऐकू येतं. त्यात मुख्य पेटंटवर कुणीतरी एक्स पार्टे फेरतपासणीचा (पेटंट द्यायला हवं होतं का ते पेटंट ऑफिसने पुन्हा बघायचं, आणि अर्जानंतरचं काम फक्त ऑफिस आणि पेटंटमालकात चालतं) अर्ज टाकला, पेटंट ऑफिसने तो मंजूर केला आणि कंपनीने लावलेल्या उल्लंघनाच्या केसला कोर्टाने स्थगिती दिली. शेअरधारकांत आता दोन तट. एक म्हणतो, मोठ्या कंपन्या सहीला तयारच आहेत, फेरतपासणीचं सर्टिफिकेट (म्हणजे शेवटी काय टिकलं त्याचा दाखला) आलं की रांग लागेल. दुसरा म्हणतो, अर्ज त्या मोठ्या कंपन्यांनीच वकिलाआडून टाकलाय, वेळ काढायला. (या अर्जात खरा अर्जदार कोण ते सांगावंच लागत नाही म्हणे. कमाल आहे.)

मेहुणा पहिल्या तटातला. त्याचा हुकमी एक्का म्हणजे ब्लॅकबेरी. एनटीपी या पेटंटवाल्या कंपनीच्या पेटंटांची फेरतपासणी चालू होती, पेटंट ऑफिस क्लेम (पेटंटमधले हक्क सांगणारे क्रमांकित मुद्दे) नाकारत होतं, तरी ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशनने मार्च 2006 मध्ये 61 कोटी 25 लाख डॉलर मोजलेच. मग आपल्याला का नाही?

मी फाइल उघडून बघितली. पहिल्या ऑफिस ॲक्शनच्या (तपासनीसाच्या लेखी निर्णयाच्या) सुरुवातीलाच लिहिलंय: क्लेम 1 ते 12 नाकारले, 13 आणि 14 कायम. कॉलमध्ये हेच ‘काही क्लेमना दुजोरा मिळाला’ असं सांगितलं! कंपनीने आता क्लेम 1 मध्ये दुरुस्ती सुचवली आहे.

दुरुस्ती मान्य झाली तर मागच्या वर्षांची भरपाई मिळते का? पेटंटची मुदत संपायला फार वर्षं उरलेली नाहीत, त्याने काय फरक पडतो? मेहुणा म्हणतो भाव पडलाय तर आणखी घेऊन ॲव्हरेज कर. माझा हात धजत नाही.

प्रतिसाद 1: मेहुण्याने स्वतः किती ॲव्हरेज केलंय ते आधी विचारा.

प्रतिसाद 2: ब्लॅकबेरीचं उदाहरण इथे चालणार नाही. तेव्हा रिसर्च इन मोशनच्या डोक्यावर मनाई हुकमाची (उल्लंघन थांबवायच्या कोर्टाच्या आदेशाची) तलवार होती, अमेरिकेतली सेवाच बंद पडली असती. दोनच महिन्यांनी, मे 2006 मध्ये, सुप्रीम कोर्टाने ईबे विरुद्ध मर्कएक्स्चेंजचा निकाल दिला. तेव्हापासून उल्लंघन सिद्ध झालं म्हणून मनाई हुकूम आपोआप मिळत नाही, आणि स्वतः माल न बनवणाऱ्यांना तर क्वचितच. मग समोरच्याने घाई कशाला करावी? थांबणं त्याला स्वस्त पडतं.

सर्टिफिकेट आलं की रांग लागेल हेही धरून चालू नका. नेटलिस्ट या मेमरी कंपनीने 2009 मध्ये गूगलवर केस केली, 2010 मध्ये त्या पेटंटची फेरतपासणी सुरू झाली. क्लेम 16 फेडरल सर्किटमध्ये (पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टात) टिकला तो 2020 साली. पुढे वेगळ्या कार्यवाहीत पेटंट ऑफिसच्याच बोर्डाने 2024 मध्ये तोच क्लेम अवैध ठरवला.

आता तुमच्या शंका. क्लेमचा अर्थ बदलेल अशी दुरुस्ती झाली तर सर्टिफिकेटच्या आधीची भरपाई गेली. मूळ शब्दांत टिकलेल्या क्लेमची राहते, तीही केसच्या मागे सहा वर्षांपर्यंतचीच. आणि सर्टिफिकेटच्या आधी मुदत संपली तर दुरुस्ती पेटंटमध्ये येतच नाही, मूळ क्लेमवर तरायचं किंवा बुडायचं. म्हणजे उशीर कुणाच्या पथ्यावर पडतो ते बघा. शेअर घ्या की विका हे मी सांगणार नाही, पण कोर्टातल्या केसमध्ये नेमके कोणते क्लेम लावलेत ते तपासा.

धागाकर्ता: खूप आभार. आत्ताच तपासलं. केसमध्ये 1, 4 आणि 7 आहेत, 13-14 चा पत्ता नाही. ते आता आत घेता येतात का, की स्थगिती उठेपर्यंत तेही अडलं?