एलिझाबेथ बगाया : इदी अमीनचं परराष्ट्रमंत्रिपद त्यांनी घ्यायला हवं होतं का?

निरंजना

राजकन्या, मॉडेल आणि युगांडाचा लष्करी हुकूमशहा इदी अमीन याची परराष्ट्रमंत्री. युगांडाच्या एलिझाबेथ बगाया यांच्यावर काहीही छापून आलं की एवढ्यात त्यांना गुंडाळलं जातं आणि पुढच्याच वाक्यात पॅरिसच्या विमानतळाचा किस्सा येतो. मला हा त्यांच्यावर अन्याय वाटतो, म्हणून हा धागा.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. वडील रुकिदी तिसरे, पश्चिम युगांडातल्या टोरोचे राजे. राजधानी फोर्ट पोर्टल, रुवेन्झोरी पर्वताच्या पायथ्याशी. मुलगी गायाझाच्या शाळेतून इंग्लंडला शेरबोर्नला गेली. त्या अख्ख्या शाळेत ती एकटी काळी मुलगी होती. तिथून केंब्रिजचं गर्टन कॉलेज आणि 1965 मध्ये बॅरिस्टर. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झालेली पूर्व आफ्रिकेतली ती पहिली स्त्री. वडील गेल्यावर भाऊ गादीवर आला आणि बहीण म्हणून 'बाटेबे' हे मानाचं पद तिच्याकडे आलं. 1967 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटेंनी देशातली सगळी पारंपरिक राज्यं खालसा केली. आता ती नावाचीच राजकन्या उरली होती, तीही सतत सरकारच्या नजरेखाली.

मॉडेलिंग आलं ते इथे. ब्रिटनच्या राजकन्या मार्गारेट यांनी लंडनमधल्या राष्ट्रकुलाच्या फॅशन शोचं निमंत्रण दिलं आणि देशाबाहेर पडायला वाट मिळाली. पुढे व्होग मासिक झालं, 1969 मध्ये हार्पर्स बझार या फॅशन मासिकाचं मुखपृष्ठही झालं. पण वकिलीची सनद असलेल्या बाईला रॅम्पवर नेलं ते ओबोटेंच्या राजवटीने, हौसेने नाही.

1971 मध्ये अमीनने सत्ता घेतली आणि त्यांना फिरतं राजदूतपद दिलं. फेब्रुवारी 1974 मध्ये परराष्ट्रमंत्री केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढून टाकलं. कारण काय दिलं, तर पॅरिसच्या विमानतळावर एका गोऱ्या माणसाबरोबर गैरवर्तन केलं म्हणे. फेब्रुवारी 1975 मध्ये त्या केनियात निसटल्या, तिथून ब्रिटनला गेल्या. बदनामी छापणाऱ्या वृत्तपत्रांवर खटले भरले आणि जिंकले. 1986 मध्ये त्या अमेरिकेत युगांडाच्या राजदूत झाल्या.

माझं मत सरळ आहे. पद घेतलं ते योग्य केलं. त्या खुर्चीत शिकलेलं, कायदा जाणणारं माणूस नसतं तर तिथे एखादा लष्करी अधिकारी बसला असता.

पूर्वपक्ष

पूर्ण असहमत, आणि तुम्ही त्यांच्या बाजूने जी गोष्ट सांगता तीच माझ्या मते त्यांच्या विरोधात जाते. त्या वकील होत्या.

21 सप्टेंबर 1972. कंपालाच्या हायकोर्टात अमीनचे लोक शिरले आणि सरन्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांना भर दिवसा त्यांच्याच कोर्टातून उचलून घेऊन गेले. ते पुन्हा जिवंत दिसले नाहीत. देशाच्या सरन्यायाधीशाला कोर्टातून ओढून नेतात, ही बातमी सनद घेतलेल्या माणसाच्या कानावर पडली नसेल? पडली होती आणि तरीही पुढचं दीड वर्ष त्या सरकारच्या राजदूत राहिल्या. एखादा सामान्य कारकून म्हणाला असता की पोटापाण्यासाठी राहिलो, तर मी गप्प बसलो असतो. बॅरिस्टरला ती सवलत नाही.

आणि त्या खुर्चीत आधी कोण कोण बसलं ते पाहा. वानुमे किबेदी, अमीनचे मेहुणे. ते 1973 मध्ये देशाबाहेर गेले ते अमीन असेपर्यंत परतलेच नाहीत. त्यांच्या जागी मायकेल ओंडोगा आले. त्यांना फेब्रुवारी 1974 मध्ये काढलं आणि मार्चमध्ये त्यांचं प्रेत नाईल नदीत सापडलं. ज्या माणसाची खुर्ची आपण घेतली त्याचं प्रेत काही आठवड्यांत नदीत मिळतं, आणि आपण त्याच खुर्चीतून उठून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशाची बाजू मांडायला जातो! लष्करी अधिकारी बसला असता तर जगाने निदान त्या सरकारला ओळखलं असतं. इंग्लंडात शिकलेली, मुद्देसूद बोलणारी, देखणी राजकन्या समोर उभी राहिली की समोरच्या राजदूताला वाटतं, एवढं काही वाईट चाललेलं नसेल. अमीनला नेमकं हेच हवं होतं.

माधवी_क

पूर्वपक्ष, 1974 बद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही. पण 1971 च्या हवेत जाऊन पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

ओबोटेंनी चार राज्यं मोडली होती. त्यातल्या बुगांडा राज्याचे राजे मुतेसा 1966 मध्ये राजवाड्यावर सैन्य चालून आलं तेव्हा कसेबसे निसटले आणि 1969 मध्ये लंडनमध्ये वारले. अमीनने सत्तेवर आल्यावर राजकीय कैदी सोडले आणि मुतेसांचं पार्थिव सन्मानाने मायदेशी आणून दफन करू दिलं. लोक रस्त्यावर नाचले होते. राजघराण्यातल्या माणसाला हा आपला सुटकेचा क्षण वाटला तर त्यात नवल ते काय? राज्यं मात्र अमीननेही परत दिली नाहीत, त्यातली बहुतेक 1993 पासून परत आली.

दुसरं, 'नाही म्हणायचं' हे इथून लिहायला सोपं आहे. तुम्हीच दिलेली दोन उदाहरणं बघा. एक परदेशात होता म्हणून वाचला, दुसरा देशात होता म्हणून नदीत गेला. नकार द्यायचा तर तो कुठे उभं राहून द्यायचा, हाही प्रश्न आहेच ना.

सह्यवासी

माझ्या सासूबाईंचं माहेर युगांडातल्या जिंजाचं. गोव्याहून गेलेलं कुटुंब, त्यांचे वडील सरकारी नोकरीत. ऑगस्ट 1972 मध्ये अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं. कंपाला ते एंटेबे विमानतळ या रस्त्यावर सैनिकांच्या चौक्या होत्या आणि प्रत्येक चौकीवर बॅगा रस्त्यावर उलट्या केल्या जात. एका चौकीवर आजेसासूबाईंच्या हातातल्या बांगड्या साबण लावून काढून घेतल्या. सासूबाई तेव्हा शाळेत होत्या. त्यांना आजही कुणी अचानक बॅग उघडायला सांगितलं तर हात थरथरतात.

त्या दिवसांत या बाई जगभर फिरून याच सरकारचं प्रतिनिधित्व करत होत्या. त्यांचं सौंदर्य, केंब्रिज, बॅरिस्टरांची लंडनमधली संस्था ग्रेज इन, सगळं मान्य. माझ्या घरात त्यांना हार घालणार नाही.

निरंजना

सह्यवासी, तुमच्या घरच्यांनी जे सोसलं त्यापुढे मी युक्तिवाद करणार नाही. फक्त एवढंच म्हणते, की तो निर्णय अमीनचा होता आणि त्याने तो कुणाला विचारून घेतला नव्हता.

पूर्वपक्ष, तुम्ही ओंडोगांचं उदाहरण दिलंत, आता बगायांना कसं काढलं ते पाहा. पुरुष मंत्री नकोसा झाला तर त्याच्यावर कटाचा आळ यायचा. बाई नकोशी झाली तर तिच्या शरीरावर आळ. आरोप केला तो थेट राष्ट्राध्यक्षाने, जाहीरपणे, आणि परदेशी वर्तमानपत्रांनी तो चवीने छापला. कुठल्यातरी नग्न बाईचे फोटो त्यांचे म्हणून फिरवले गेले. काल ज्या चेहऱ्याची जाहिरात केली, आज त्याच चेहऱ्याला चिखल फासला. आणि यावर त्यांनी काय केलं? रडगाणं गायलं नाही, मुलाखती देत बसल्या नाहीत. कोर्टात गेल्या. दाव्यात छापणाऱ्यांना आरोप सिद्ध करावा लागतो, तो करता आला नाही आणि भरपाई द्यावी लागली. वकिलीचं शिक्षण कुठे वापरलं, असं विचारत असाल तर हे घ्या.

तळटीप

तुलनेसाठी जेनिफर होस्टन यांचं नाव सुचवतो. कॅरिबियन बेटांवरच्या ग्रेनाडा देशाच्या, 1970 च्या मिस वर्ल्ड. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्त्रीमुक्तीवाल्या आंदोलकांनी पीठ उधळलं होतं तीच स्पर्धा. परीक्षकांत ग्रेनाडाचे तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख, एरिक गेरी होते, त्यामुळे मुकुट वशिल्याचा असं लगेच बोललं गेलं. 1978 मध्ये त्या कॅनडात ग्रेनाडाच्या उच्चायुक्त झाल्या, नेमणारं सरकार गेरींचं. 13 मार्च 1979 ला मॉरिस बिशप यांनी बंड करून गेरींना उलथवलं. होस्टन राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या नाहीत, 1981 पर्यंत त्याच पदावर राहिल्या. बंडाने आलेल्या सरकारसाठी काम केलं म्हणून त्यांना कुणी आज धारेवर धरत नाही. मग बगायांनाच का?

पूर्वपक्ष

तळटीप, कारण बंड आणि बंड सारखं नसतं. बिशपच्या राजवटीत लोकांना विनाखटला डांबलं, वृत्तपत्र बंद केलं, हे खरंच आहे. पण सरन्यायाधीशाला कोर्टातून उचलून मारलं नाही, एक अख्खा समाज 90 दिवसांत देशाबाहेर काढला नाही.

तुमच्या उदाहरणातली एक गोष्ट मात्र मी घेतो. सौंदर्यामुळे आलेल्या बाईच्या प्रत्येक पदाकडे लोक संशयाने बघतात. होस्टनना वशिल्याची म्हणाले, बगायांना शोभेची बाहुली. मी बगायांना शोभेची बाहुली म्हणत नाही. उलट म्हणतो, त्या पुरेपूर समजून-उमजून काम करणाऱ्या बाई होत्या. म्हणूनच त्यांच्याकडून हिशेब मागतो. पुरुष मंत्र्याला जो प्रश्न विचारला असता तोच त्यांना विचारायचा, की समानता म्हटली की फक्त हारच घालायचे?

निरंजना, बदनामीचे खटले त्यांनी जिंकले ते योग्यच झालं. पण ते स्वतःच्या नावासाठी होते. किवानुकांच्या वतीने कोर्टात उभं राहायला कुणी नव्हतं.

अनघा

दोन्ही बाजू वाचल्या. मला प्रश्न 1974 चा वाटत नाही, 1972 चा वाटतो. त्या वर्षी त्या फिरत्या राजदूत होत्या, म्हणजे परदेशात येणं-जाणं होतं, ओळखी होत्या, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पूर्वी काम केलेलं होतं. 1974 मध्ये नकार देणं जिवावरचं होतं, हे माधवींचं म्हणणं पटतं. 1972 मध्ये बाहेर राहून जाणं शक्य होतं. भाऊ, आई, सगळं घर मात्र मागे युगांडात होतं, आणि अमीन नातेवाइकांना सोडत नसे. हे वजन किती धरायचं यावर माझं मत अजून ठरलेलं नाही.

हेही लक्षात घ्या की अमीन गेल्यावरही त्यांच्या देशाने त्यांना बाजूला टाकलं नाही. वॉशिंग्टन, पुढे जर्मनी, नायजेरिया इथे त्या युगांडाच्या प्रतिनिधी होत्या. 1995 मध्ये भाऊ वारला आणि तीन वर्षांचा भाचा ओयो टोरोच्या गादीवर बसला, तेव्हा त्याला सांभाळणाऱ्यांत ही आत्या होती. ज्यांनी ती राजवट प्रत्यक्ष भोगली त्या युगांडाच्या लोकांनी त्यांना स्वीकारलं.

सह्यवासी

अनघा, भोगली ती फक्त तिथे राहिलेल्यांनी नव्हे. ज्यांना हाकललं त्यांना कुणी विचारलं नाही.