टायट्रेशनची रीडिंग्ज का जुळत नाहीत
मराठी माध्यमाची मुलं एफवायला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) इंग्रजीमुळे मागे पडतात असं म्हणतात, ते थिअरीपुरतं पटतं. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मात्र सगळेच अडतात, कारण कृती पाठ असते आणि त्यामागचं कारण माहीत नसतं. ऑक्झॅलिक ॲसिड आणि परमँगनेटच्या टायट्रेशनचंच घ्या, म्हणजे फ्लास्कमधल्या ॲसिडमध्ये ब्युरेटमधून (खुणा केलेल्या उभ्या नळीतून) जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडायचं आणि ते किती लागलं ते मोजायचं. फ्लास्क ६०-७० अंशांपर्यंत तापवला नाही तर अभिक्रिया सुरुवातीला इतकी हळू चालते की पहिले थेंब गुलाबीच राहतात, आणि मुलं तोच एंड पॉइंट (अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण) धरून मोकळी होतात. फ्लास्कमध्ये घालायचं सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं तर द्रावण तपकिरी, गढूळ होतं. ते ओतून द्यावं, नव्याने सुरू करावं. शिवाय परमँगनेट गडद असल्याने ब्युरेटचं रीडिंग द्रवाच्या पृष्ठभागाच्या वरच्या कडेला घ्यायचं. हे कुणी सांगतच नाही, मग शेजाऱ्याचे आकडे जर्नलमध्ये उतरतात.