झेडएफएस पूल चालू झाला की /डेव्ह/जीपीटी मधली लेबलं गायब

प्रश्न
फ्रीबीएसडी १४ (ऑपरेटिंग सिस्टिम), झेडएफएस या फाइल सिस्टिमचा चार डिस्कचा रेडझेड१ पूल (एकत्र जोडलेल्या डिस्क, ज्यांतली एक गेली तरी डेटा राहतो), नाव 'साठा'. प्रत्येक डिस्कवर एकच जीपीटी पार्टिशन (जीपीटी म्हणजे डिस्कच्या भागांची यादी ठेवण्याची पद्धत), लेबलं कप्पा-१ ते कप्पा-४. हीच नावं डिस्कच्या ट्रेवर चिकटवली आहेत, म्हणजे बिघडलेली डिस्क नेमकी ओढता येईल. रीबूटनंतर 'झेडपूल स्टेटस'मध्ये पहिल्या दोन डिस्क लेबलाने दिसतात, तिसरी एडीए२पी१ अशी (सिस्टिमने दिलेलं नाव), तर चौथी जीपीटीआयडी (पार्टिशनचा ओळख-क्रमांक) आणि पुढे लांबलचक आकडा. लेबलांची नावं जिथे दिसतात त्या /डेव्ह/जीपीटी डिरेक्टरीत कप्पा-३ आणि कप्पा-४ नाहीतच. मात्र 'जीपार्ट शो -एल' चारही लेबलं दाखवतं. स्क्रबमध्ये (पूलमधल्या डेटाची पडताळणी) एकही चूक नाही. लेबलं पुन्हा लिहू का?

उत्तर १
लिहू नका, ती पुसलेली नाहीत. 'जीपार्ट' थेट पार्टिशन टेबल वाचतं, म्हणून त्याला दिसतात. एकाच पार्टिशनला जिओम (फ्रीबीएसडीचा डिस्क हाताळणारा भाग) तीन नावं देतं: एडीए२पी१, जीपीटी/कप्पा-३ आणि जीपीटीआयडी. त्यातलं एक नाव धरून कोणी लिहिण्यासाठी उघडलं की वरची बाकीची लेबलं जिओम काढून टाकतं, नाहीतर दोन वाटांनी एकाच जागी लिखाण होईल. झेडएफएस डिस्क ओळखतं ती तिच्यावरच्या जीयूआयडीवरून (झेडएफएसने लिहिलेला ओळख-क्रमांक), नाव त्याच्या लेखी दुय्यम. म्हणून डेटा सुरक्षित, फक्त नाव बदललेलं.

आधी /बूट/लोडर.कॉन्फ मध्ये दोन ओळी घाला, म्हणजे जिओम जीपीटीआयडी आणि डिस्क-आयडेंटची नावं बनवणार नाही:
कर्न.जिओम.लेबल.जीपीटीआयडी.एनेबल="०"
कर्न.जिओम.लेबल.डिस्क_आयडेंट.एनेबल="०"
त्याआधी /ईटीसी/एफएसटॅब (बूटला काय लावायचं त्याची यादी) पाहा. स्वॅप किंवा दुसरं काही जीपीटीआयडीच्या नावाने लावलेलं असेल तर ती ओळ आधी बदला, नाहीतर पुढच्या बूटला ते सापडणार नाही. मग 'झेडपूल एक्सपोर्ट साठा' (पूल सिस्टिमपासून सोडवायला), रीबूट, आणि 'एलएस /डेव्ह/जीपीटी'. चारही कप्पे दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर पूलचं नाव न देता 'झेडपूल इम्पोर्ट -डी /डेव्ह/जीपीटी' चालवा. हे नुसतं दाखवतं, काही बदलत नाही. चारही डिस्क ऑनलाइन असतील तरच तीच कमांड शेवटी 'साठा' जोडून द्या. '-डी' दिल्यावर झेडएफएस फक्त तेवढीच डिरेक्टरी बघतं. तिथे एक लेबल कमी असेल तर रेडझेड१ डिग्रेडेड अवस्थेतही इम्पोर्ट होतो, आणि मग सुटलेल्या डिस्कचं विनाकारण रिसिल्व्हर (डेटा पुन्हा जुळवून भरणं) करावं लागतं.

उत्तर २
वरचं बरोबर, पण ट्रूनॅस कोअरवर (फ्रीबीएसडीवर आधारलेली स्टोरेज सिस्टिम) जीपीटीआयडी बंद करू नका. तिथली यंत्रणा त्याच नावांवर चालते.

'जीपार्ट शो -एल' मध्ये लेबलाच्या जागी 'नल' असेल तर मामला वेगळा, लेबल खरंच दिलेलं नाही. पूल एक्सपोर्ट करून 'जीपार्ट मॉडिफाय -आय १ -एल कप्पा-३ एडीए२' द्या.

आणि पूल थेट अख्ख्या डिस्कवर असेल तर त्यावर नंतर जीपीटी टाकायचा विचारसुद्धा करू नका. झेडएफएस स्वतःच्या लेबलच्या चार प्रती ठेवतं, प्रत्येकी २५६ केबी, दोन डिस्कच्या सुरुवातीला, दोन शेवटी. ५१२ बाइटच्या सेक्टरवर जीपीटी पहिले ३४ आणि शेवटचे ३३ सेक्टर व्यापतं, म्हणजे दोन्ही टोकांच्या प्रती बिघडतात. एकेक डिस्क बदलून पार्टिशनवर न्यायचं म्हटलं तर त्याच आकाराच्या डिस्कवर पार्टिशन लहान पडून 'झेडपूल रिप्लेस' नकार देऊ शकतं.

प्रश्नकर्ता
एक्सपोर्टला 'पूल इज बिझी' येतंय.

उत्तर १
'एफस्टॅट -एफ /साठा' चालवा, कोणती प्रोसेस अडून बसली आहे ते दिसेल. तुमचं स्वतःचं शेल त्याच डिरेक्टरीत नाही ना, हे आधी बघा. मग जेल (फ्रीबीएसडीचे कंटेनर) आणि साम्बा, एनएफएस या फाइल शेअर करणाऱ्या सेवा थांबवा. पूलमधल्या झेडव्हॉलवर (डिस्कसारखा वापरता येणारा पूलचा भाग) स्वॅप असेल तर 'स्वॅपऑफ'. एक्सपोर्टला '-एफ' लावून जबरदस्ती शक्यतो नको.

उत्तर ३
रूट पूलवर (ज्यावरून सिस्टिम चालते) हे जमत नाही, कारण चालू सिस्टिमखालून तो एक्सपोर्ट करता येत नाही. मेमस्टिकवरून (इन्स्टॉलरची यूएसबी) लाइव्ह शेलमध्ये बूट करून इम्पोर्ट करा, सोबत '-एन -आर /एमएनटी' द्या, म्हणजे फाइल सिस्टिम माउंट होणार नाहीत. मिरर (दोन डिस्कवर सारखाच डेटा) असेल तर 'डिटॅच' करून लेबलाच्या नावाने 'अटॅच' करता येतं, पण रिसिल्व्हर संपेपर्यंत एकाच डिस्कवर भिस्त असते. आधी बॅकअप.

लिनक्सवर 'एलएसबीएलके -एफ' पूलमधल्या सगळ्या डिस्कवर एकच लेबल दाखवतं. ते पूलचं नाव असतं, डिस्कचं नाही, म्हणून 'बाय-लेबल' डिरेक्टरीत चारऐवजी एकच लिंक सापडते. तिथे पार्टिशनच्या लेबलांची 'बाय-पार्टलेबल' डिरेक्टरी वापरा.